दोन मासे म्हणजे जोडी नव्हे

शोभेच्या माशांच्या दुकानात भाव बहुधा जोडीने सांगतात. आपण बोट दाखवतो, दुकानदार टाकीत जाळी फिरवतो आणि हाताला लागतील ते दोन मासे पिशवीत भरून देतो. शाळेच्या प्रयोगशाळेतील टाकीत ही 'जोडी' मोठ्या हौसेने सोडली जाते. पहिले दोन दिवस सारे ठीक चालते. मग एक मासा टाकीभर फिरू लागतो आणि दुसरा कोपऱ्यात, पाण्याच्या पृष्ठभागालगत अंग चोरून उभा राहतो. त्याच्या परांच्या चिंध्या झालेल्या दिसतात. आठवड्याभरात तो मरतो. मग पाणी बदलले नव्हते, खाणे जास्त पडले, क्लोरीन होता अशी कारणे शोधली जातात. एखादी चौकस मुलगी मात्र विचारते, "सर, ते तर नर आणि मादी होते ना? मग भांडले कशाला?"

हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. त्याच्या पोटात तीन प्रश्न आहेत. माशांतील नर-मादी आपण कसे ओळखायचे? मासे एकमेकांना कसे ओळखतात? आणि एक नर व एक मादी मिळाली की जोडी तयार होते का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शोधायला माणसाला दीडशेहून अधिक वर्षे लागली. यातील बरेचसे शोध मोठ्या यंत्रांनी नव्हे, तर काचेच्या टाकीसमोर तासन् तास बसून लागले आहेत. म्हणूनच ही कहाणी शाळेतील शिक्षकांना आपली वाटावी अशी आहे.

काचेची टाकी आली आणि पळवाट गेली

मासे पाळण्याची हौस जुनी आहे. चीनमध्ये गोल्डफिश शतकानुशतके पाळले जात होते. पण ते प्रामुख्याने हौदांत आणि मातीच्या भांड्यांत असत आणि वरून पाहिले जात. माशाला बाजूने, त्याच्या पातळीवरून पाहायचे तर काचेची टाकी हवी आणि त्या टाकीतील पाणी न नासता टिकायला हवे. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये आपला प्रयोग प्रसिद्ध केला. गोल्डफिश, व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती आणि कुजकी पाने खाणाऱ्या गोगलगायी एकत्र ठेवल्या तर टाकीतील जीवन बराच काळ आपापले टिकून राहते, असे त्यांनी दाखवले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले. १८५४ मध्ये फिलिप गॉस यांचे 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आले आणि इंग्लंडमध्ये घरोघरी काचेच्या टाक्या दिसू लागल्या.

वॉरिंग्टन यांनीच आपल्या टाकीत स्टिकलबॅक या काटेरी पाठीच्या लहान माशाची वीण पाहिली. नर घरटे बांधतो, मादीला त्यात नेतो, पुढे अंड्यांची राखणही तोच करतो आणि या काळात कोणी जवळ आले की त्याच्यावर तुटून पडतो. ओढ्यात हे सारे क्वचितच नजरेस पडले असते. टाकीमुळे ते दिवाणखान्यात बसून पाहता येऊ लागले.

पण टाकीने एक गोष्ट दिली तशी एक काढूनही घेतली. ओढ्यात किंवा तळ्यात हरलेला मासा पळून जातो. दहा-वीस फूट दूर गेला की पाठलाग थांबतो आणि भांडण मिटते. दोन फुटांच्या टाकीत पळायला जागाच नसते. पाठलाग करणाऱ्याला मात्र समोरचा 'अजून हद्दीतच' दिसत राहतो. निसर्गात जे भांडण अर्ध्या मिनिटात संपते, ते टाकीत दिवसभर चालते आणि एकाचा जीव घेऊन थांबते. टाकीतील आक्रमकतेबद्दल पुढे जे काही वाचायचे आहे, त्यामागे ही गोष्ट कायम ध्यानात ठेवायला हवी.

चीनचा मासा पॅरिसमध्ये

१८६९ मध्ये चीनहून काही रंगीत मासे पॅरिसमध्ये पिएर कार्बोनिए या मत्स्यपालकाकडे आले. हा पॅराडाइज फिश. हवेतील प्राणवायू घेणारे खास इंद्रिय डोक्यात असल्याने हा मासा लांबच्या बोटप्रवासातही तग धरू शकला. कार्बोनिए यांच्या टाकीत त्याची वीण झाली आणि त्यांनी तिचे बारकाईने वर्णन लिहून ठेवले. नर तोंडातून बुडबुडे सोडून पाण्याच्या पृष्ठभागावर फेसाचे घरटे करतो. अंडी तोंडात गोळा करून त्या फेसात नेऊन ठेवतो. वीण आटोपली की मात्र तोच नर मादीला घरट्याजवळ फिरकू देत नाही.

चार्ल्स डार्विनने 'द डिसेंट ऑफ मॅन' या ग्रंथात कार्बोनिए यांच्या या निरीक्षणांचा उपयोग केला. नर अधिक रंगीत, मादीसाठी त्यांच्यात होणारी झुंज, मादीसमोर पर पसरून केलेले प्रदर्शन: लैंगिक निवडीच्या त्याच्या सिद्धांताला मोराच्या पिसाऱ्याइतकाच चपखल असा हा पाण्यातला दाखला होता. इथून एक समज रूढ झाला. नर म्हणजे भडक रंगाचा, लांब परांचा, भांडखोर. मादी म्हणजे फिकट आणि शांत. कित्येक जातींना हे लागू पडते. आपल्याकडे डासांच्या अळ्या खाण्यासाठी डबक्यांत सोडतात तो गप्पी मासा घ्या. नर लहान, शेपटी रंगीत आणि त्याचा गुदपर काडीसारखा निमुळता होऊन वीर्य सोडण्याचे इंद्रिय बनलेला. मादी मोठी, फिकट, पोट भरलेले. सहावीतील मुलगाही नर-मादी वेगळे करू शकेल. पण सगळे मासे गप्पीसारखे नसतात. घोटाळा सुरू होतो तो इथेच.

सयामचे लढवय्ये

नर-मादी सहज ओळखू येत असूनही जोडी टिकत नाही, याचे सर्वांत ठळक उदाहरण सयामी लढाऊ माशाचे आहे. सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, या माशांच्या झुंजी लावण्याची प्रथा होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील डॅनिश डॉक्टर थिओडोर कँटर यांनी बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकासाठी १८४९ मध्ये मलायातील माशांची सूची केली, तीत या झुंजींचे वर्णन आहे. झुंजींच्या परवान्यातून राजाला महसूल मिळत असे, अशीही नोंद त्यांनी केली. त्यांनी या माशाला दिलेले नाव दुसऱ्याच जातीचे निघाले. १९१० मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या चार्ल्स टेट रीगन यांनी त्याला बेटा स्प्लेंडेन्स हे आजचे नाव दिले. २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित केले. या माशांच्या जनुकसंचाचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार माणूस निदान चारशे वर्षे तरी या माशांची निवडक पैदास करत आला आहे.

या माशाचे दोन नर एका टाकीत ठेवायचे नाहीत, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण नर आणि मादी एकत्र सोडली तरी मादी मरू शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. जुन्या पैदासकारांनी यावर एक युक्ती काढली. मादीला आधी काचेच्या बरणीत घालून ती बरणी नराच्या टाकीत ठेवायची. नर तिला पाहतो, पर फुलवतो, फेसाचे घरटे बांधू लागतो. मादी विणीला तयार असेल तर तिच्या अंगावर फिकट उभे पट्टे उमटतात आणि पोटाखाली अंडी बाहेर पडण्याच्या जागी पांढरा ठिपका दिसतो. घाबरलेली असेल तर आडवे पट्टे दिसतात. घरटे झाले आणि उभे पट्टे दिसले की मगच तिला बरणीतून बाहेर सोडायचे आणि अंडी घालून झाली की लगेच काढून घ्यायचे. या युक्तीमागचे तत्त्व असे की मादी असणे पुरेसे नाही, ती 'या घडीला' विणीस तयार असली पाहिजे आणि तसे तिने नराला कळवले पाहिजे. तयार नसलेली मादी नराच्या दृष्टीने केवळ हद्दीत शिरलेला एक मासा असतो.

टपालाची लाल गाडी

मासा हे 'कळवणे' वाचतो तरी कसे? १९३० च्या दशकात हॉलंडमधील लायडन विद्यापीठात निको टिनबर्गन आणि त्यांचे विद्यार्थी स्टिकलबॅकवर काम करत होते. विणीच्या काळात या नराचे पोट लालभडक होते. प्रयोगशाळेतील टाक्या खिडकीशी ठेवलेल्या होत्या. बाहेरच्या रस्त्याने टपालखात्याची लाल गाडी गेली की टाक्यांतील नर खिडकीकडच्या काचेवर धाव घेत आणि गाडी जाईल त्या दिशेने पाठलाग करू पाहत.

टिनबर्गन यांनी मग लाकडाच्या आणि मेणाच्या प्रतिकृती केल्या. हुबेहूब माशासारखी, पण पोट लाल नसलेली प्रतिकृती आणि माशासारखी मुळीच न दिसणारी, पण खालची बाजू लाल असलेली प्रतिकृती. नरांनी दुसरीवरच अधिक हल्ले केले. फुगीर पोटाची रुपेरी प्रतिकृती दाखवली तर नर तिच्यापुढे नागमोडी नाच करू लागे. म्हणजे मासा समोरच्याला संपूर्ण पाहून 'हा नर, ही मादी' असे ठरवत नाही, काही मोजक्या खुणांवर त्याचे वागणे ठरते. नंतरच्या काही प्रयोगांत लाल रंगाचा परिणाम इतका सरळ आढळला नाही. पण प्रतिकृती करून खुणांचा एकेक घटक वेगळा तपासायचा, ही पद्धत टिकून राहिली. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासाबद्दल टिनबर्गन, कोन्राड लॉरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

टिनबर्गन यांचा आणखी एक प्रयोग मासे पाळणाऱ्याने मनावर कोरून ठेवावा असा आहे. एका टाकीत दोन नरांनी आपापल्या हद्दी आखून घरटी केली होती. दोघांनाही स्वतंत्र काचनळ्यांत घातले. दोन्ही नळ्या पहिल्या नराच्या हद्दीत नेल्या तर पहिला काचेतून हल्ला करू पाहतो आणि दुसरा पळू पाहतो. त्याच नळ्या दुसऱ्याच्या हद्दीत नेल्या की भूमिका बरोबर उलटतात. मासे तेच, जागा बदलली. म्हणजे 'हा मासा भांडखोर आहे' हे वाक्य अपुरे आहे. कुठे भांडखोर, असे विचारायला हवे. जुन्या रहिवाशाच्या टाकीत नवा मासा सोडण्याआधी दगड आणि झाडे हलवून मांडणी बदलावी असे जाणकार सांगतात, त्याचे कारण हेच. हद्दीच्या खुणा पुसल्या की दोघेही नवखे होतात.

शेवाळ धरलेली काच

खरी कसोटी लागली ती सिक्लिड कुळातील माशांपुढे. एंजलफिश, ऑस्कर, कॉन्व्हिक्ट हे सारे याच कुळातले. यांतील पुष्कळ जातींत नर आणि मादी मिळून पिल्ले वाढवतात आणि दोघेही हद्दीसाठी लढतात. साहजिकच दोघेही सारखेच दिसतात आणि सारखेच भांडतात. डार्विनच्या मोराचा दाखला इथे उपयोगी पडत नाही. एंजलफिशमध्ये तर विणीच्या सुमारास पोटाखाली बाहेर येणाऱ्या नळीवरूनच काय ती खात्री होते: मादीची नळी जाड आणि बोथट, नराची बारीक आणि टोकदार. एरवी दोन माद्याही जोडीसारख्या एकत्र राहून अंडी घालतात आणि ती फळत का नाहीत म्हणून मालक बुचकळ्यात पडतो.

न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीमधील ग्लॅडविन नोबल आणि ब्रायन कर्टिस यांनी १९३९ मध्ये ज्वेल फिश या सिक्लिडच्या सामाजिक वर्तनावर आणि हॉलंडच्या बेरेंड्स दांपत्याने १९५० मध्ये सिक्लिडांच्या वर्तनावर सविस्तर प्रबंध लिहिले. सिक्लिडांची जोडी जमण्याची रीत त्यांतून स्पष्ट झाली. दोन अनोळखी मासे आधी एकमेकांना प्रतिस्पर्धी म्हणूनच भेटतात. पर ताठ करणे, शेपटीने पाण्याचा झोत मारणे, जबडे पकडून ओढाओढ हे सारे होते. ज्याला हे झेपत नाही तो पळतो. जो न पळता, पण फार न चिडता टिकून राहतो, त्याच्याशी हळूहळू ओळख होते. ओळख पटली की हल्ले कमी होतात आणि ते दोघे मिळून इतरांना हाकलू लागतात. म्हणजे भांडण आणि जोडी जमणे ही एकाच प्रक्रियेची दोन टोके आहेत.

कोन्राड लॉरेन्झ यांनी आपल्या १९६३ सालच्या आक्रमकतेवरील पुस्तकात सिक्लिडांचा एक अनुभव सांगितला आहे. त्यांनी उल्लेखलेल्या जातींपैकी एक आपल्याकडची, म्हणून तो अधिकच जवळचा वाटतो. भारतात नैसर्गिकरीत्या आढळणाऱ्या सिक्लिडांच्या तीनच जाती आहेत. गोव्यात खाल्ला जाणारा आणि केरळात करिमीन म्हणून प्रसिद्ध असलेला कालुंदर ही त्यांतली एक. त्याचाच लहानसा पिवळा भाऊबंद म्हणजे ऑरेंज क्रोमाइड. दक्षिण भारताच्या आणि श्रीलंकेच्या निमखाऱ्या पाण्यात तो आढळतो. यात नर-मादी दिसायला जवळजवळ सारखे असतात. लॉरेन्झ यांचा अनुभव असा की अशा माशांची जोडी टाकीत एकटीच ठेवली तर नर आपल्याच मादीवर उलटतो. म्हणून त्यांनी टाकीत मधोमध काच घालून दोन्ही बाजूंना एकेक जोडी ठेवली. मासे काचेपलीकडच्या शेजाऱ्यांवर धावून जात, नर नराशी आणि मादी मादीशी. घरात शांतता राही. काही दिवसांनी एखादा नर मादीशी उर्मटपणे वागू लागला की समजावे, मधल्या काचेवर शेवाळ चढले आहे आणि शेजारी दिसेनासे झाले आहेत. काच पुसली की शेजाऱ्यांशी पुन्हा जुंपते आणि घरातले भांडण मिटते.

निरीक्षण मासलेवाईक आहे आणि अनेक पालकांना त्याचा पडताळा आला आहे. पण लॉरेन्झ यांनी त्यातून काढलेला निष्कर्ष ही वेगळी गोष्ट आहे. त्यांच्या मते आक्रमकता ही आतून साठत जाणारी शक्ती आहे. टाकीत पाणी साठावे तशी ती साठते आणि वाट मिळाली नाही तर जवळच्यावर फुटते. हाच विचार त्यांनी माणसापर्यंत नेला. मग समाजालाही 'शेजारचा शत्रू' लागतोच, असे म्हणणे फारसे दूर उरत नाही. १९६८ मध्ये ॲशली माँटेग्यू यांनी संपादित केलेल्या लेखसंग्रहात अनेक शास्त्रज्ञांनी या मांडणीवर कडक टीका केली.

टीकेपेक्षा प्रयोग अधिक बोलका ठरला. वॉल्टर हायलिगेनबर्ग यांनी टांगानिका सरोवरातील हॅप्लोक्रोमिस बर्टोनाय या सिक्लिडचे नर, लहान पिल्लांसोबत पण इतर प्रौढ नरांपासून दूर ठेवले आणि त्यांचे हल्ले मोजले. ऊर्मी साठत असेल तर हल्ले दिवसेंदिवस वाढायला हवेत. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात उलटेच दिसले. प्रतिस्पर्धी दिसेनासा झाला की हल्ले हळूहळू कमी होत गेले. डोळ्याजवळ काळा पट्टा असलेल्या नराची प्रतिकृती दाखवली की ते वाढत आणि पुन्हा ओसरत. म्हणजे भांडखोरपणा निदान या माशात तरी आतून आपोआप साठत नव्हता, समोरच्या दृश्याने चेतवला जात होता. शेवाळाच्या काचेची गोष्ट खरी, पण तिचा अर्थ आपण समजलो होतो तोच आहे असे नाही. निरीक्षण आणि त्याचे स्पष्टीकरण या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, हे विज्ञानाच्या तासाला शिकवायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

याच जातीवर पुढे रसेल फर्नाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत काम केले. या माशांत हद्द असलेले थोडे नर भडक रंगाचे असतात. बाकीचे हरलेले नर रंग टाकून माद्यांसारखे फिकट होतात आणि त्यांचे वृषणही आक्रसतात. हद्दीचा मालक नाहीसा झाला की फिकट नरांपैकी एखादा काही मिनिटांत रंग चढवतो आणि मालकासारखा वागू लागतो. मेंदूतील प्रजननाशी संबंधित चेतापेशींतही बदल घडतात. आता दुकानातल्या गच्च भरलेल्या टाकीची आठवण करा. एक रंगीत 'नर' आणि एक फिकट 'मादी' आपण घरी आणतो. घरी आल्यावर महिन्याभरात 'मादी'ला रंग चढतो आणि टाकीत युद्ध पेटते!

नर आणि मादी हेही कायमचे नव्हे

इथवर निदान एवढे गृहीत होते की मासा नर असो वा मादी, तो तसाच राहतो. १९७२ मध्ये रॉस रॉबर्टसन यांनी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरील क्लीनर रास या माशाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि तेही गृहीत कोसळले. या माशाच्या गटात एक नर आणि अनेक माद्या असतात. माद्यांमध्ये मोठी-लहान अशी उतरंड असते. नर नाहीसा झाला की सर्वांत वरची मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते आणि दोन-तीन आठवड्यांत खरोखर वीर्य निर्माण करणारा नर बनते. तोवर नराचा धाकच तिला मादी ठेवत होता.

१९७७ मध्ये हान्स आणि सिमोन फ्रिके यांनी समुद्रफुलात राहणाऱ्या क्लाऊनफिशमध्ये याच्या उलट क्रम दाखवला. एका समुद्रफुलात सर्वांत मोठा मासा मादी, दुसऱ्या क्रमांकाचा नर आणि उरलेले लहान मासे प्रजनन न करणारे. मादी गेली तर नराचीच मादी होते आणि खालचा एक वर सरकून नर होतो. २००३ मध्ये एका गाजलेल्या चित्रपटाने हा मासा घराघरांत पोचवला. जीवशास्त्राच्या नियमाने चालले असते तर त्यातील विधुर बाप पुढे आई झाला असता. त्याच वर्षी पीटर बस्टन यांनी दाखवले की या माशांत खालच्या क्रमांकाचा मासा आपली वाढ आवरून धरतो, वरच्यापेक्षा ठरावीक अंतराने लहानच राहतो. आकारातील हे अंतर म्हणजे एक प्रकारचा शांततेचा तह. फार मोठा झाला तर वरचा त्याला हाकलील आणि समुद्रफुलाबाहेर हाकललेला मासा जगत नाही.

पालकाच्या दृष्टीने याचा अर्थ गमतीचा आहे. क्लाऊनफिशची जोडी हवी असेल तर नर-मादी शोधत बसायचे नाही. एक जरा मोठे आणि एक लहान अशी दोन अल्पवयीन पिल्ले घ्यायची. कोणी काय व्हायचे ते तीच ठरवतात. पूर्ण वाढलेल्या दोन माद्या मात्र एकत्र आल्या तर त्यांच्यात तह होत नाही, कारण मादीला परत नर होता येत नाही.

मनाजोगती जोडी

उरला तिसरा प्रश्न. नर-मादी अचूक ओळखली, दोघेही विणीस तयार आहेत, तरी जोडी जमेलच का? फ्रान्समधील क्लोए लोब्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये कॉन्व्हिक्ट सिक्लिडवरचा एक देखणा प्रयोग प्रसिद्ध केला. यात मादी लहान आणि तिच्या पोटावर केशरी झाक, नर मोठा आणि साधा, म्हणजे रंगाचा नेहमीचा नियम इथे उलटाच. माद्यांना आधी दोन नर दाखवून त्यांची पसंती पाहिली. मग काहींना पसंतीचा नर दिला, काहींना नापसंत. माद्यांना डब्यांची झाकणे उघडायला शिकवले होते. एका रंगाच्या झाकणाखाली खाऊ, दुसऱ्याच्या खाली काही नाही. मग काळ्या-पांढऱ्याच्या मधला करडा रंग समोर ठेवला. पसंतीचा नर मिळालेल्या माद्यांच्या वागण्यात फरक पडला नाही. नापसंत नर मिळालेल्या माद्या करड्या डब्याकडे जायला अधिक वेळ लावू लागल्या, जणू त्यात काही असेल अशी आशा त्यांनी सोडली होती.

माशाला आपल्यासारखे दुःख होते असे यावरून म्हणता येणार नाही. पण जोडीदार निवडण्याची संधी मिळाली की नाही याने माशाचे वागणे बदलते, एवढे मात्र मोजून दाखवता आले. पैदासकारांची जुनी रीत या निष्कर्षाशी जुळते. एंजलफिशची जोडी हवी असेल तर ते दोन मासे विकत घेत नाहीत. सहा-आठ पिल्ले एकत्र वाढवतात, कोण कोणाबरोबर फिरते आणि मिळून कोपरा राखते ते पाहतात आणि जमलेली जोडी वेगळी काढतात.

वर्गात काय करता येईल

शाळेच्या टाकीसाठी सर्वांत सोयीचा मासा गप्पीच. एक नर आणि एक मादी ठेवली तर नर दिवसभर तिच्याच मागे लागतो आणि ती थकते. एका नरामागे तीन माद्या आणि भरपूर पाणवनस्पती ठेवल्या की पाठलाग विभागला जातो. मुलांना दोन-दोनच्या गटांत बसवून दहा मिनिटे दर अर्ध्या मिनिटाला नोंद करू द्या: कोण कोणामागे गेले, कोण कुठे लपले. मग वनस्पती वाढवून तीच नोंद पुन्हा घ्या. तक्ता आणि स्तंभालेख मुलेच काढतील. टिनबर्गनही याहून फार वेगळे काही करत नव्हते.

बेटा नर असेल तर त्याला मिनिटभर आरसा दाखवून पर फुलवणे पाहता येते. त्याहून जास्त वेळ नको, मासा दमतो. दोन नर एकत्र सोडून झुंज मात्र कधीही दाखवू नये. प्राण्यांना झुंजवणे हा आपल्याकडे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे आणि मुलांच्या मनावर त्याचा जो ठसा उमटेल तो विज्ञानाचा नसेल. टाकी बंद करायची वेळ आली तर मासे जवळच्या ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नयेत. परके मासे तिथल्या माशांना भारी पडतात.

आणि पुढच्या वेळी दुकानदार "जोडी देऊ का?" म्हणाला, तर थोडे थांबावे. टाकीकडे पाच मिनिटे पाहत उभे राहावे. कोण कोणाला हाकलत नाही आणि कोणाच्या शेजारी कोणाला चालते, ते दिसू लागते. दोन हा आकडा आपला आहे. जोडी माशांनी जमवायची असते, आपण फक्त त्यांना जागा, आडोसा आणि वेळ द्यायचा.